अंगचोर कोण, ते सांगणारी बनियन: जीपीएस व्हेस्ट, दहा मॅच वापरल्यावर

मैदानावर कोण किती आणि किती वेगाने पळालं ते मोजणारी ही व्हेस्ट मी तब्येतीसाठी घेतली नाही, भांडण जिंकायला घेतली.

आमच्या फुटबॉल टीमचा मी लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, वय ४३. आमचा दहा नंबर, म्हणजे पुढे खेळून गोलच्या संधी तयार करणारा, माझ्याहून तीन वर्षांनी लहान आणि माझ्या मते पक्का अंगचोर. पास चुकला की कमरेवर हात ठेवून उभा राहणार, मागे पळायचं काम इतरांचं. मॅच संपल्यावर बूट सोडता सोडता विषय कुठल्या तरी देशाच्या संघनिवडीवर जातो आणि आमचे दोन तट पडतात. मी म्हणतो, देशाचा ड्रेस अंगावर चढवायचा तर जीव तोडून पळता आलं पाहिजे. तो म्हणतो, पळणारेच हवे असतील तर मॅरेथॉनवाले बोलवा. नावं मेस्सी आणि फ्रान्सला विश्वचषक जिंकून देणाऱ्या प्रशिक्षक देशाँची घेतो, पण रोख कुणावर आहे ते दोघांनाही ठाऊक असतं.

म्हणून ही खरेदी. कंपनीचं नाव देत नाही, कारण या प्रकारच्या सगळ्या व्हेस्ट साधारण सारख्याच असतात. छातीपर्यंत येणारी आखूड, घट्ट, बिनबाह्यांची बनियन आणि पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये एक खिसा. त्यात काडेपेटीएवढा पॉड, म्हणजे मोजणारं यंत्र, बसतो. गोल झाल्यावर जर्सी काढून धावणाऱ्या खेळाडूंच्या अंगात जे काळं दिसतं, तेच हे. पॉड पाठीवर असतो तो उपग्रहांना वरून मोकळा दिसावा आणि धक्काबुक्कीत सापडू नये म्हणून. मॅचमध्ये अशी उपकरणं घालायला २०१५पासून नियमांत परवानगी आहे. पहिल्यांदा घातली तेव्हा टीमने जे काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वापरायला सोपी आहे, पण घाई चालत नाही. पॉड सुरू करून उघड्यावर ठेवायचा, दिवा हिरवा होईपर्यंत थांबायचं, मग घालायचा. पहिल्या मॅचला मी धीर धरला नाही. अ‍ॅपने काढलेल्या नकाशात मी अर्धा वेळ टचलाइनच्या बाहेर, प्रेक्षकांत पळत होतो. मैदानाचे चार कोपरे एकदा चालून अ‍ॅपला दाखवावे लागतात, तेही आळस न करता करा. शेजारी उंच इमारती असतील तर आकडे थोडे वेडेवाकडे येतात. मोठ्या स्टेडियममध्ये छपराचा अडथळा येतो, म्हणून तिथे कॅमेऱ्यांवर भर असतो. कतारच्या विश्वचषकात छपराखालचे १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीराचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते. माझा पॉड सेकंदाला १० वेळा नोंद घेतो. माझ्या वेगाला तेवढं पुष्कळ झालं.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या नीट नोंदलेल्या मॅचमध्ये मी ७० मिनिटांत ६.८ किलोमीटर पळालो. व्यावसायिक खेळाडू ९० मिनिटांत साधारण १० ते १२ पळतात, म्हणजे मी खूश. खाली ओळ होती: स्प्रिंट, शून्य.

शून्य! समोरच्या टीमच्या विंगरच्या, म्हणजे कडेने पळणाऱ्या खेळाडूच्या, मागे एकदा मी असा धावलो होतो की नंतर दोन मिनिटं गुडघ्यांवर हात ठेवून उभा होतो. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी शून्यच. मग सेटिंगमध्ये शोधलं. ताशी २५.२ किलोमीटरच्या वर गेलात तरच स्प्रिंट, अशी सीमा आधीच घालून ठेवलेली. व्यावसायिक फुटबॉलमध्ये बऱ्याच ठिकाणी हाच आकडा धरतात. तेवढा वेग मला आयुष्यात कधी होता का, शंका आहे. ही सीमा स्वतःच्या कमाल वेगाप्रमाणे खाली आणता येते. घेतल्या दिवशीच ते करा, नाहीतर माझ्यासारखी एक संध्याकाळ वाईट जाईल. पण त्या शून्याने मला विचारात पाडलं. ज्याचा मुळातला वेगच कमी, तो शंभर टक्के जीव लावला तरी या यंत्राला दिसत नाही. उपजत वेगवान माणूस निम्म्या मनाने पळाला तरी आकडा झळकतो. आपण टीव्हीसमोर बसून कुणाला ‘पाट्या टाकतोय’ म्हणतो, तेव्हा यातलं नेमकं काय पाहिलेलं असतं?

चौथ्या मॅचला मी शहाणपणा केला. आकडा वाढवायचा म्हणून मिळेल त्या बॉलमागे धावलो, माझं काम नसलं तरी. ७.४ किलोमीटर झाले. आम्ही ३-१ हरलो, त्यातले दोन गोल माझ्या बाजूने. मी पुढे गेलेला असायचो, मागे मैदान मोकळं, आणि मग मी मरेस्तोवर मागे धावत यायचो. मॅच संपल्यावर आमच्या गोलकीपरने पाठ थोपटली, “आज काय पळालास रे! सगळ्यांनी असं खेळलं तर जिंकू.” दोन गोल त्याच्यावरच झाले होते. माझी धावत येण्याची धडपड त्याला समोर दिसली. मी जागा कधी सोडली, ते त्याने पाहिलंच नव्हतं.

सहाव्या मॅचपासून व्हेस्ट दहा नंबरला दिली. (धुऊन दिली. हात-धुलाई करा, पॉड आधी काढा. मी एकदा विसरलो, तो वाचला.) त्याचं अंतर माझ्याहून कमी भरलं, सरासरी सहाच्या आतबाहेर. मी टाळी मागणार तोच अ‍ॅपमधला दुसरा रकाना दिसला: एकदम वेग घेणं आणि एकदम थांबणं. त्यात तो माझ्या जवळजवळ दुप्पट. पाच-सहा पावलांची उसळी, थांबणं, वळणं, पुन्हा उसळी. लांबून पाहणाऱ्याला तो उभाच वाटतो, कारण आपली नजर बॉलवर असते आणि हे सगळं बॉल यायच्या आधी घडतं. स्नायू मात्र यानेच जास्त थकतात.

तो जिंकला असं वाटेल. थांबा. मॅचचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडून बघता येतात; या व्हेस्टची सगळ्यात कामाची सोय हीच. पन्नासाव्या मिनिटानंतर त्याच्या उसळ्या जवळपास संपतात, पाचही मॅचमध्ये. आजवर तो सांगायचा की शेवटी शेवटी मी मुद्दाम उभा राहतो, खेळ वाचतो. आकडे म्हणत होते, दमतो. तो बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिला आणि चक्क काही बोलला नाही.

संघनिवडीचं भांडण अर्थात मिटलं नाही, फक्त त्याला नवा दारूगोळा मिळाला. दहा नंबरचं लाडकं उदाहरण इंग्लंडचा खेळाडू मॅट ल टिसिए. १९९८च्या एप्रिलमध्ये इंग्लंड ‘ब’कडून रशिया ‘ब’विरुद्ध हॅट्‌ट्रिक केली, तरी विश्वचषकाच्या संघात नाही. आळशी हा शिक्का जन्मभर, देशासाठी सामने फक्त ८. त्याला बाहेर ठेवणारे प्रशिक्षक ग्लेन हॉडल. स्वतः खेळत असताना हॉडलनाही ‘चैनीची वस्तू’ म्हणूनच हिणवलं जायचं, तरी त्यांना ५३ सामने मिळाले. यावर माझ्याकडे उत्तर नाही, मी फक्त आवाज चढवतो.

माझं उदाहरण ऑलिव्हिए जिरू. २०१८चा विश्वचषक फ्रान्सने जिंकला, त्यात या स्ट्रायकरचा एकही फटका गोलच्या दिशेने गेला नाही. देशाँनी तरी त्याला खेळवत ठेवलं. आणि इथे व्हेस्टची खरी उणीव कळते. पाठीवर सेंटर बॅकला, म्हणजे समोरच्यांच्या मधल्या बचावपटूला, घेऊन, दात-ओठ खात जागा अडवून ठेवणं, म्हणजे जिरूचं निम्मं काम, हे उपग्रहाच्या हिशेबात ‘उभा आहे’ एवढंच. पॉडमधला हालचाल मोजणारा भाग धक्के थोडेफार पकडतो, पण ‘लोड’ नावाच्या एका आकड्यात सगळं कालवून टाकतो. मेस्सीचं उलट. २०२२च्या विश्वचषकात तो मॅचचा बराच वेळ चालत होता, त्याचे अर्जेंटिनाचे साथीदार डी पॉल आणि मॅक अ‍ॅलिस्टर त्याच्या वाटचं पळत होते, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. नुसते किलोमीटर बघून संघ निवडला असता तर पहिला बाहेर तो गेला असता.

शंभरपैकी गुण देणारी अ‍ॅपची ती चकती मात्र बंदच करा. कशाचे गुण, कसे दिले, कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या ३-१च्या मॅचला सर्वांत जास्त गुण मिळाले होते.

बॅटरी चांगली, दोन मॅच निवांत जाते. माप एक नंबर मोठं घ्या, ओली झाली की अंगातून निघता निघत नाही. खिशाची चिकटपट्टी आठव्या मॅचला सुटू लागली, मी दोरा घातला. जो एकटा सराव करतो आणि स्वतःची तुलना स्वतःशीच करतो, त्याने जरूर घ्यावी. टीममधल्या कुणाला खोटं पाडायला घेणार असाल तर आधी स्वतः पाच मॅच घाला.

पाचपैकी साडेतीन तारे. व्हेस्ट सध्या दहा नंबरकडेच आहे. परत मागितली की म्हणतो, अजून दोन मॅच. परवा सरावाला तो माझ्याही आधी येऊन मैदानाला फेऱ्या मारत होता, दिवा हिरवा झालेला.