आराखडा की चिठ्ठ्या? माहितीपर लेखाची मांडणी ठरवताना

समजा, गोव्यातल्या खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवर, चारशे शब्द लिहायचे आहेत. टिपणे भरपूर जमलीत आणि लेख पहिल्याच परिच्छेदात १५२६ च्या फोरालवर, म्हणजे पोर्तुगीज सनदेवर, अडकलाय. लेखाने नेमके काय सांगायचे हे ठरले नसले की असे हमखास होते. म्हणून पद्धत कुठलीही घ्या, आधी एक पूर्ण वाक्य लिहा: ‘बांध आणि मानस (बांधातली दारे असलेली पाण्याची वाट) यांच्या जोरावर खाडीकाठच्या खारट जमिनीत भात पिकते.’ ‘खाजन शेतीची माहिती’ एवढेच लिहिले तर त्यात काहीही मावते.

विषय बऱ्यापैकी समजलेला असेल तर आराखडा बरा. अर्धे पान आणि दहा-पंधरा मिनिटे पुरतात. मात्र ‘इतिहास’, ‘महत्त्व’, ‘समस्या’ असे एकशब्दी मुद्दे नकोत, ते वाट्टेल ते पोटात घेतात. मुद्दा वाक्यातच लिहावा: ‘भरतीला मानशीची दारे बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात.’ ‘पहिला पाऊस मातीतले मीठ धुऊन नेतो.’ ‘कोरगुट भात उरलेला खारेपणा सोसतो.’ ‘बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते.’ इथे क्रम कारणांनीच लावला आहे. कोरगुट मानशीच्या आधी आला तर वाचकाला खारेपणा कुठून आला तेच कळत नाही. आराखड्याचा दोष एकच, पण मोठा: तो लवकर घट्ट होतो. नंतर सापडलेली माहिती, उदाहरणार्थ मानशीपाशी होणारी मासेमारी, ‘तसेच’ म्हणून शेवटी चिकटवली जाते.

माहिती तीन-चार ठिकाणांहून गोळा केली असेल, शेतकऱ्यांशीही बोलणे झाले असेल, तर चिठ्ठ्याच घ्याव्यात. कोऱ्या कागदाचे चार तुकडे करा. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, कोपऱ्यात ती कुठून घेतली ते, पुस्तक असेल तर पान क्रमांकासह. दोन गोष्टी एका चिठ्ठीवर आल्या की ती कुठल्याच गटात नीट बसत नाही. मग सगळ्या जमिनीवर पसरा, गट करा, प्रत्येक गटाला वाक्याचाच मथळा द्या. चारशे शब्दांना पंधरा-वीस चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या.

चिठ्ठ्यांचा खरा फायदा वगळताना दिसतो. गावकऱ्यांच्या रीतीभाती नोंदवणारा तो फोराल मोलाचा आहेच. बांधाची देखभाल कोण करी हा प्रश्न असेल तर तो लेखात हवा. पण भात कसे पिकते एवढेच सांगायचे असेल तर ती चिठ्ठी बाजूला ठेवावी. फाडू नये, पुढच्या लेखाला लागेल. उणीव अशी की चिठ्ठ्यांवरून थेट लिहिलेले परिच्छेद सुटे सुटे वाटतात. दोन गटांना जोडणारे वाक्य वेगळे बसून लिहावे लागते.

मध्ये विषय आणि भोवती फांद्या असे जाळे काढायला मजा येते, पण त्यातून क्रम मिळत नाही. विषयच ठरायचा असेल तेव्हा ते काढावे.

परीक्षेत आराखडाच, तोही पाच मिनिटांत. शाळा-कॉलेजच्या प्रकल्पाला आधी चिठ्ठ्या आणि त्यांवरून आराखडा, हा क्रम आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटतो. कच्चा लेख झाला की समासात प्रत्येक परिच्छेदाचा आशय पाच-सहा शब्दांत लिहा. जमत नसेल तर त्या परिच्छेदात दोन विषय शिरले आहेत, तो तोडा. नंतर फक्त समास वाचा. मासेमारी कोरगुट आणि फुटक्या बांधाच्या मध्ये आलेली दिसली तर तिला उचलून मानशीच्या परिच्छेदालगत ठेवा.