रीफ टँकवरचा पीएच मॉनिटर: ग्राफ भारी, सोबतचे बफर बिनकामाचे

रीफ टँक म्हणजे कोरलचा खाऱ्या पाण्याचा टँक, त्याच्या सम्पच्या (खालच्या फिल्टर टाकीच्या) शेजारी लावायचा, कायम चालू राहणारा पीएच मॉनिटर आहे हा. छोटा डिस्प्ले, बीएनसी (फिरवून लॉक होणाऱ्या) कनेक्टरवाला प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायचा सेन्सर, आणि मोबाईलवर ग्राफ. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, कारण या सगळ्या मॉनिटरमध्ये खरा खेळ प्रोबचा असतो, डबा कोणाचा का असेना. माझं मत आधीच सांगतो, घ्यायला हरकत नाही, पण बॉक्समध्ये जे बफर (मॉनिटर कॅलिब्रेट करायला, म्हणजे जुळवायला, लागणारी ठरलेल्या पीएचची द्रावणं) येतात ते बाजूला ठेवा.

का ते सांगतो. सोबत पीएच 4 आणि 7 चे पाऊच देतात, जे गोड्या पाण्याच्या टँकला ठीक आहेत, पण आपला टँक फिरतो 7.8 ते 8.4 च्या मध्ये, म्हणजे 7 आणि 10 नेच कॅलिब्रेट करायला पाहिजे, नाहीतर ज्या बाजूला मोजायचंय तिकडे तपासणीच होत नाही. आणि मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ नाही! 10 चा बफर वेगळा घ्या, ताजा घ्या, आणि एकदा उघडलेला पाऊच पुन्हा वापरू नका, कारण तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि स्वतःच खाली येतो, मग तुमचं सगळं कॅलिब्रेशन चुकीच्या आकड्यावर बसतं आणि टँकचं रीडिंग आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली, मेनूत आत गेलं की प्रोबकडून येणारे मिलिव्होल्ट दिसतात. 25 अंशाला 7 च्या बफरमध्ये शून्याच्या आसपास आणि 10 च्या बफरमध्ये उणे 177 च्या जवळपास यायला हवं. हा फरक कमी कमी व्हायला लागला, किंवा रीडिंग स्थिर व्हायला फार वेळ घेतंय, तर आधी प्रोब साफ करा आणि तरी तेच, तर प्रोब संपला समजा. साधारण वर्ष-दीड वर्षात बदलावा लागतोच, तो खर्च धरूनच मॉनिटर घ्या. आणि ते ऑटो टेम्परेचर कॉम्पेन्सेशन म्हणजे जादू नाही हां, ते फक्त प्रोबचा तापमानामुळे बदलणारा स्लोप (एका पीएचमागे किती मिलिव्होल्ट) दुरुस्त करतं, बफरची किंमत स्वतः तापमानाने थोडी हलते, त्यासाठी पाऊचवरचा तक्ताच बघायचा.

आता ग्राफ. टेस्ट किटने दिवसातून एकदा मोजणारे लोक आणि मी, आमचं भांडण इथेच आहे. पहाटे लाइट लागायच्या आधी 7.9 आणि संध्याकाळी 8.25, हा एकाच टँकचा एकाच दिवसाचा पीएच असू शकतो आणि त्यात काहीच बिघडलेलं नसतं, दिवसा कोरलमधली आणि बाकीची अल्गी कार्बन डायऑक्साइड खाते, रात्री सगळेच श्वास घेतात आणि तो परत पाण्यात येतो. सकाळचा 7.9 बघून घाबरून पीएच वाढवायची बफर पावडर टाकणाऱ्यांची केएच (अल्कलिनिटी, पाण्याची आम्ल झेलायची ताकद) मग कुठल्या कुठे जाते. पीएच कमी दिसला की पहिल्यांदा केएच मोजा. ती 8-9 वर नीट असेल तर पाण्यात नाही, घरातल्या हवेत बघा, खिडक्या बंद आणि माणसं जास्त असली की हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ग्राफ सरळ खाली घसरतो.

खात्री करायची असेल तर टँकचं पाणी एका भांड्यात घ्या, बाहेर मोकळ्या हवेत तासभर एअर स्टोन चालवा आणि पुन्हा मोजा. पीएच वर गेला तर दोष हवेचाच. मग खिडकी उघडा, स्किमरची (फेस करून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी घराबाहेरच्या हवेत न्या, नाहीच जमलं तर त्या नळीवर सोडा लाइमचा स्क्रबर (कार्बन डायऑक्साइड शोषणारा डबा) लावा, किंवा सम्पमध्ये चेटो (एक हिरवं शेवाळ) ठेवून त्याचा लाइट रात्री चालवा. कॅल्कवासर (चुन्याचं पाणी) वापरत असाल तर प्रोब त्याच्या ड्रिपपासून लांब ठेवा, नाहीतर प्रत्येक थेंबाला ग्राफ उडी मारतो.

दुसरा त्रास म्हणजे नाचणारं रीडिंग. माझ्याकडे अचानक अर्ध्या पॉइंटची उडी दिसायला लागली, कॅलिब्रेशन ठीक, प्रोब साफ. मग प्रोब काढून टँकच्याच पाण्याच्या कपात ठेवला तर एकदम शांत, म्हणजे प्रोब निर्दोष. टँकवरची एकेक वस्तू बंद करत गेलो तर जुना वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) निघाला, त्यातून करंट पाण्यात झिरपत होता. ही गंमत नाहीये, पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढा, आणि असा पंप दुरुस्त नाही, फेकूनच द्या.

सफाईला व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून मऊ ब्रश पुरतो, काच जोरात घासू नका. काढून ठेवायचा असेल तर टोपीत केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडचं) स्टोरेज सोल्युशन, आरओचं पाणी अजिबात नाही. प्रोबची वायर आखूड आहे, आणि अॅपमधला अलार्म एकाच वेळी वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे घेत नाही, हे 2026 मध्ये कसं काय चालतं देव जाणे. पाचपैकी साडेतीन, 10 चा बफर आणि लांब वायर दिली असती तर साडेचार.