डब्यात भात न्यावा की भाकरी?

कणकवलीहून ओरोसला कचेरीत जाणाऱ्याने सकाळी आठला भरलेला डबा उघडतो तो दीडच्या सुमाराला. २०२० मध्ये राज्य सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आला, तशी हजेरी ९.४५ ची झाली आणि जेवणाला एक ते दोनच्या मध्ये अर्धा तास. म्हणजे साडेपाच तास अन्न बंद डब्यात, त्यातला काही वेळ एसटीच्या तापलेल्या टपाखाली. पौष्टिक काय, हे नंतर बघू. आपल्या दमट हवेत इतक्या वेळाने खाण्याजोगं काय उरतं, ते आधी बघायला हवं.

आमच्या सासूबाईंचा निकाल कधीच लागलाय: "भात नाय तर तां जेवाण कसलां?" त्यांची बाजू लंगडी नाही. उकडा तांदूळ टरफलासकट उकडून, वाळवून मग कांडतात. त्या उकडण्यात कोंड्यातली काही बी जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात, म्हणून पांढऱ्याशुभ्र पॉलिशच्या तांदळापेक्षा तो उजवा. पण शिजलेला भात कोमट राहिला की घात करतो. बॅसिलस सीरिअस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे ते वाढीला लागतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी डब्यात भरणं म्हणूनच वाईट. वर नारळाच्या वाटणाची आमटी असेल तर विचारूच नका. एका मे महिन्यात मी काळ्या वाटाण्याचं सांबारं नेलं होतं; झाकण उघडताच टेबलावरच्या सगळ्यांना कळलं.

भाकरीला ही भीती फार कमी. ती तव्यावर भाजलेली, वरून कोरडी. तिची अडचण वेगळी: दुपारी चामडं होते. पिठाची उकड काढून, गरम असतानाच मळून थापलेली तांदळाची भाकरी मात्र दीडलाही मऊ राहते. नाचणीचीही तशीच करावी. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या जवळपासही नाही. बायकांनी आठवड्यात दोनदा तरी न्यावी. गरम भाकरी थेट डब्यात कोंबू नका, घाम सुटून ती चिकट होते. पाच मिनिटं सुती फडक्यावर टाकायची, मग त्याच फडक्यात गुंडाळायची.

सोबत कुळथाची किंवा मुगाची सुकी उसळ. कुळथात शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे डाळींच्या तोडीची. ओला नारळ वरून पेरायचा मोह आवरा. हवाच असेल तर सुकं खोबरं खरपूस भाजून घाला. घावणे आणि आंबोळ्या चवीला छानच, पण डब्यात एकमेकांना चिकटून लगदा होतो. चपातीबद्दल नवं काही सांगण्यासारखं नाही.

आता डबा. साधा स्टीलचा की गरम ठेवणारा? इथे लोक हमखास फसतात. बाहेरून प्लास्टिक, आत स्टील असा स्वस्तातला गरम डबा दुपारपर्यंत अन्न गरम ठेवत नाही, कोमट ठेवतो, आणि जंतूंना कोमटच तर हवं असतं. भात न्यायचाच असेल तर निर्वात भिंतीचा डबा घ्या. दहा मिनिटं त्यात उकळतं पाणी भरून ठेवा, ते ओतून चुलीवरून उतरलेला वाफाळता भात काठोकाठ भरा. अर्धा भरला तर तो लवकर निवतो. एवढा खर्च आणि खटाटोप झेपत नसेल तर भाकरी आणि साधा स्टीलचा डबा ही जोडी बरी. प्लास्टिकच्या डब्याला हळद आणि मालवणी मसाल्याचा रंग धरतो, वास जात नाही. माझं मत त्याच्या विरुद्धच.

मासे? बांगडा, तारली डब्यात नकोत, हे वासासाठी म्हणत नाही. हे मासे उबेत राहिले की त्यांत हिस्टामीन तयार होतं, आणि ते तळून वा गरम करून नष्ट होत नाही; अंगावर पित्तासारखे चट्टे उठतात. सुक्या जवळ्याची चटणी चालते, फक्त मीठ फार असतं म्हणून चमचाभरच.

सोलकढी नेऊ नका, नारळाचा रस दुपारपर्यंत टिकत नाही. लहान बाटलीत कोकमाचं आगळ न्या आणि तिथे पाण्यात मिसळून जिरेपूड टाका. आगळात आधीच मीठ असतं, वरून घालू नका. काकडी सकाळी चिरली की पाणी सुटतं, तेव्हा अख्खी न्या आणि खणात एक सुरी ठेवा.

मी स्वतः चार दिवस भाकरी नेते, एक दिवस भात. तोही दहीभात: शिजलेला भात पूर्ण निवू न देता त्यात कोमट दूध आणि दोन चमचे ताजं विरजण कालवायचं. दुपारपर्यंत डब्यातच दही लागतं आणि आंबटपणामुळे भात टिकतो. सासूबाईंना तो एक दिवस पुरत नाही, पण डबा माझा आहे.