१०० वॅटचा बेस ॲम्प, आठ महिने वाजवून: मागे छापलेल्या '४ ओहम'चा घोळ

वॅट, नॉब वगैरे तुम्हाला माहितीच आहे. ट्रान्झिस्टरवाला कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात), आत ८ ओहमचा स्पीकर (ओहम म्हणजे विजेला किती अडवतो त्याचं माप, जितके कमी तितकी ॲम्पमधून जास्त वीज ओढली जाते), मी जळगावात ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. मे महिन्यात पाचोऱ्याला हळदीत गाणं ऐन रंगात आणि ॲम्प गप्प! मागची हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) गोवऱ्यांवरच्या बट्टीसारखी तापलेली. वीस मिनिटांनी सुरू झाला, परत गप्प. तेव्हाच एक स्टार देणार होतो.

चूक माझीच, पण निम्मी. मागे छापलंय 'आउटपुट इम्पिडन्स ४ ओहम', इम्पिडन्स म्हणजे ओहममध्ये मोजलेला हाच अडथळा. ८ ओहमची एक जुनी स्पीकरची पेटी आधीच लावलेली, आतला स्पीकर धरून ४ होतात, झकास चाललं. मग स्वस्तात अजून एक ८ ची मिळाली म्हणून तीही पॅरलल (अशा जोडणीत एकूण ओहम घटतात) जोडली, झाले २.६७. सर्व्हिस सेंटरवाल्याने तपासणीचे ३५० घेतले आणि वर म्हणे १६ ओहम लावलं तरी जळेल! अरे, ट्रान्झिस्टरला जास्त ओहम लावले तर फक्त ताकद कमी मिळते. जपायचं ते ट्यूबवाल्याला (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पला), त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, त्याचा टॅप (ओहमप्रमाणे निवडायचं टोक) स्पीकरशी जुळवावा लागतो, स्पीकरशिवाय तर वाजवूच नये. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकने नुसत्या वायरी बघून विचारलं, "एका बैलाले तीन नांगर का भो?"

मग मला खाजच सुटली. सगळे स्पीकर काढले, मोबाइलवरून ५० हर्ट्झचा टोन दिला, मीटरवर ४ व्होल्ट येईपर्यंत आवाज वाढवला आणि ८.२ ओहमचा १० वॅटचा रेझिस्टर लावला. ३.९५! व्होल्टेज जेमतेम पडलं, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा इम्पिडन्स ०.१ च्या आसपास. खरंच ४ असता तर व्होल्टेज २.७ वर आलं असतं. ते ४ म्हणजे 'जोडलेल्या स्पीकरचे ओहम याच्याखाली नेऊ नका' एवढंच, मग तसं छापा ना बाप्पा!

आणि आता गंमत, तो ०.१ च मला आवडायला लागलाय. स्पीकर रेझोनन्सला, म्हणजे ज्या सुरावर तो आपोआप जास्त हलतो तिथे, आला की त्याचे ८ ओहम कितीतरी पटीने चढतात, ट्यूब ॲम्पचा स्वतःचा इम्पिडन्स जास्त, म्हणून त्याच्यावर आवाजही तिथेच फुगतो. मित्राच्या ट्यूबवर माझीच पेटी घुमते, ह्याच्यावर बोट उचललं की नोट बंद. गिटारवाल्यांना ती घूम गोड लागते, लागू दे.

ती दुसरी पेटी काढल्यापासून एकदाही बंद पडला नाही. चार स्टार, एक कापला त्या छपाईचा. तीच पेटी विकायची आहे, मीटर घेऊन या, ६.३ दाखवते, ८ ओहमची अशीच दाखवते, त्यावरून भाव पाडू नका.