क्वीन व्हिक्टोरिया मार्केट, मेलबर्न: ग्रुपने जा आणि मासे आधी घ्या

मेलबर्नला नवीन आलेले लोक नेहमी विचारतात की व्हिक मार्केटला (क्वीन व्हिक्टोरिया मार्केटला) एवढं लांब जावं का, का इंडियन स्टोअरमधूनच सगळं आणावं. माझं मत सांगते, एकट्याची आठवड्याची भाजी आणायला जाऊ नका, पण चारपाच जण जमत असाल तर शनिवारी जाच, कारण तिथे खरा फायदा पेटीच्या पेटी घेऊन वाटून घेण्यात आहे. आम्ही टारनीट या उपनगरातून ट्रेनने शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनला उतरतो, मग ट्रॅम, तो पट्टा फ्री ट्रॅम झोनमध्ये येतो म्हणून ट्रॅमला पैसे लागत नाहीत, आणि पार्किंग शोधायची कटकटही नाही.

शनिवारी सकाळी सहाला उघडतं. मासे घ्यायचे तर लवकरच पोचा. आमच्यातली एक मालवणची आहे, मासळीच्या हॉलमध्ये ती पुढे आणि आम्ही पिशव्या घेऊन मागे. ती आधी डोळे बघते, मग काउंटरवाल्याला कल्ला उचलून दाखवायला लावते, आतून लालभडक दिसला तरच पुढचं बोलणं. इथे स्पॅनिश मॅकरेल म्हणतात ती आपली सुरमई, अख्खी मिळाली तर सोडू नका. फक्त एक करा, इथल्या लोकांना काटा काढून फिले द्यायची सवय आहे, त्यामुळे सुरी लावायच्या आधीच सांगा की आडव्या तुकड्या हव्यात, अर्ध्या इंचाच्या, आणि डोकं टाकू नका, त्याचं सार फार सुंदर होतं. कोळंबी गुलाबी दिसली की ती आधीच शिजवलेली असते, कालवणाला कच्चीच मागा. पापलेट, बोंबील शोधत बसू नका, फ्लॅटहेड आणि स्नॅपर घ्या, रवा लावून तळले की कोणी तक्रार करत नाही.

भाजीच्या शेडमध्ये कोथिंबिरीची जुडी मुळांसकट मिळते, शेपू मिळतो, नवलकोल पण असतो, आणि सिल्व्हरबीट म्हणून पालकासारखी पालेभाजी असते, तिची ती मोठी पानं घेऊन चणाडाळ, शेंगदाणे, चिंच-गूळ घालून फदफदं करा, अळू नाही म्हणून अडून बसायची गरजच नाही. मेथी, गवार, तोंडली आम्हाला तिथे मिळत नाही, त्यासाठी डँडेनाँग हे उपनगर बरं. दुपारी बंद व्हायच्या आधी भाजीवाले भाव पाडतात आणि ओरडायला लागतात, डॉलरला बॅग, डॉलरला बॅग! ऐकून अगदी मंडईत आल्यासारखं वाटतं. पिशवीतला माल पिकलेला असतो म्हणून घरी गेल्या गेल्या संपवायचा, टोमॅटो असतील तर त्याच रात्री सार.

डिसेंबर-जानेवारीत केन्सिंग्टन प्राइड आंबा घ्या, अख्खा ट्रे घेऊन वाटणी करायची. हापूसशी तुलना करू नका, पण आमरसाला उत्तम, जरा वेलची घातली की पुरीबरोबर वाटीवर वाटी जाते.

खायचं म्हणाल तर डेली हॉलमध्ये (चीज वगैरे मिळतं तो हॉल) गरम बोरेक, म्हणजे आत सारण भरलेला तुर्की पदार्थ, पालक-चीजचा व्हेजवाल्यांनाही चालतो. हा हॉल 1929 चा, संगमरवरी काउंटर अजून तसेच आहेत, एकदा सावकाश बघा. बाहेर अमेरिकन डोनट किचनची गाडी 1950 पासून आहे, लाइन असते पण सरकते पटापट, आतला जॅम प्रचंड गरम असतो त्यामुळे लहान मुलांना लगेच देऊ नका.

कपडे, बॅगा, कांगारूची खेळणी वगैरे शेड आहेत ते पाहुणे आले की त्यांना दाखवा, एरवी त्यात वेळ घालवण्यासारखं काही नाही. मार्केट 1878 मध्ये सुरू झालं, त्याचा बराच भाग शहराच्या जुन्या स्मशानभूमीवर उभा आहे आणि हजारो लोक अजून तिथेच पुरलेले आहेत, हे कळल्यापासून मी तरी तिथून जाताना क्षणभर थांबून मनातल्या मनात हात जोडते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बसायच्या जागेसाठी, आईवडील इथे आले की त्यांना टेकायला जागा शोधत फिरावं लागतं. मासे घेणार असाल तर थंड पिशवी आणि बर्फाचे पॅक घरूनच न्या, टारनीट-पॉइंट कुकपर्यंत प्रवास लांब आहे. आणि सोमवारी, बुधवारी दिवसा बंद असतं, बुधवारचं नाइट मार्केट सीझनमध्ये असतं पण ते खाण्याफिरण्याचं, भाजी-मासळीसाठी त्या दिवशी जाऊ नका.