दत्तक मूल घरी आलंय, पण झोपत नाही: कुशीत घ्यावं, शेजारी निजवावं की वेगळ्या खोलीत?

नाशिकला गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये बाळाची वेगळी खोली आधीच सजलेली असते. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात हा प्रश्नच येत नाही. सगळ्यांची अंथरुणं एका ओळीत पडतात. मूल दत्तकपूर्व संगोपनात, म्हणजे दत्तकाचा अंतिम आदेश होण्याआधी, नुकतंच घरी आलं असेल, तर पहिले काही महिने सिडकोवाल्यांची सोयच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दत्तक संस्थेतलं मूल सहसा एकटं झोपलेलंच नसतं. ओळीने पाळणे, कुणी खोकतंय, कुणी रडतंय, मावशींच्या पाळ्या बदलतायत. काल थोपटणारी मावशी आज दिसत नाही, आणि एके दिवशी तर सगळीच माणसं बदलली. मग डोळे मिटायची भीती वाटणारच. ते अंग ताठ करतं, पाणी मागतं, शू लागली म्हणतं, परत पाणी मागतं. नातेवाईक याला हट्ट म्हणतात.

‘रडू द्या, आपोआप झोपेल’ हा सल्ला इथे बाजूला ठेवा. हाक मारली की आई-बाबा येतात, हे पक्कं ठाऊक असलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. या मुलाला तुम्ही येता हेच अजून कळायचंय. ते लवकर गप्प झालं तर शिकलं असं समजू नका. रडून कुणी येत नाही असं कळल्यावरही मुलं गप्प होतात.

म्हणजे वेगळी खोली सध्या बाद. राहिले दोन पर्याय. एकाच अंथरुणात घेणं आपल्याकडे सवयीचं, आणि तुमचा वास, तुमचा श्वास मुलाच्या लवकर ओळखीचा होतो. पण वर्षाच्या आतल्या बाळाला तुमच्या गादीवर घेऊ नका. नाशिकच्या डिसेंबरात जाड गोधडी ओढली जाते, तोंडावर येते. मऊ गादी आणि उशीचाही धोका असतोच. मोठ्या मुलाचं वेगळं. पाच-सहा वर्षांचं मूल स्पर्शाने दचकत असेल, भिंतीकडे सरकत असेल, तर प्रेमाने ओढून कुशीत घेणंही त्याला जाचतं. पूर्वी काय घडलंय ते आपल्याला माहीत नसतं.

म्हणून माझा कौल शेजारच्या वेगळ्या अंथरुणाला. तान्ह्याचा पाळणा तुमच्या पलंगाला खेटून, बाळ पाठीवर, सपाट घट्ट गादीवर. मोठ्याची गादी हाताच्या अंतरावर. हात हवा असेल तर ते स्वतः धरेल. यात मागे सरकायलाही जागा राहते: आधी पाठीवर हात, मग नुसतं शेजारी बसणं, मग दाराशी खुर्ची. ताप आला, शाळा सुरू झाली की गाडी परत पहिल्या पायरीवर येईल. येऊ द्या. आजीची झोळी दुपारच्या डुलकीला, कुणी समोर बसलेलं असताना ठीक, रात्रभरासाठी नको.

निजवायचं कुणी, हा वाद प्रत्येक घरात होतो. आजी हौसेने पुढे येतात, पण सुरुवातीला ते काम आई-बाबांनीच करावं. पाळी बदलणाऱ्या माणसांचा अनुभव मुलाला भरपूर झालाय. आजींना दुपारची गोष्ट द्या, संध्याकाळची शुभंकरोति द्या.

संस्थेतून निघतानाच विचारून घ्या: दिवा चालू असायचा का, कुशीवर झोपायचं की पालथं, कोणतं गाणं. अंगाखालचं जुनं फडकं मिळालं तर घेऊन या आणि लगेच धुऊ नका. मोठं मूल उशीखाली बिस्किटं लपवत असेल तर रागावू नका; डबा उशाशीच ठेवा.

रात्री अंग खाजवत असेल तर आधी खरूज आणि जंत तपासून घ्या, घोरत असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. आणि नियमाप्रमाणे दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी संस्थेची पाठपुरावा भेट असते. तेव्हा ‘सगळं छान चाललंय’ म्हणत नुसता चहा पाजून पाठवू नका. झोपेचं आहे ते सांगा.