ट्रकचा पाटा की ओएचएनएस? सुरीसाठी पोलाद घेण्याआधी

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना भेटतात. त्यामुळे ट्रकच्या जुन्या पाट्यांना (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांना) आपल्याकडे तोटा नाही, भंगाराच्या भावात किलोवर मिळतात. ओएचएनएस (तेलात कडक होणारं टूल स्टील) किंवा डी-टू (जास्त क्रोमियमचं टूल स्टील) हवं असेल तर मात्र मुंबई-पुण्याहून ट्रान्सपोर्टने मागवावं लागतं, नाहीतर एमआयडीसीत डाय बनवणाऱ्यांकडे कटपीस विचारावे लागतात.

डी-टू आधीच बाजूला काढतो. त्याला १०२० अंशांच्या आसपास वीस-तीस मिनिटं स्थिर ताव लागतो, आणि कोळशाच्या भट्टीत ते जमत नाही. बाहेर हीट ट्रीटमेंटला द्यायचं तर पाच-सहा सुऱ्यांसाठी त्यांचं कमीत कमी शुल्कच अंगावर येतं. शिवाय डी-टू आणि डी-थ्री दोन्ही बाजारात एचसीएचसी (हाय कार्बन हाय क्रोमियम) याच नावाने चालतात, नुसतं ‘एचसीएचसी द्या’ म्हटलं तर डी-थ्री हाती पडू शकतं, ते आणखी ठिसूळ. गंज कमी धरतं एवढी एक बाजू डी-टूची खरी.

आता पाटा. कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के, त्यामुळे टवका उडत नाही. ताव थोडा इकडेतिकडे झाला तरी सांभाळून घेतो. पऱ्हाट्या तोडायचा कोयता करायचा असेल तर डोळे मिटून पाटाच घ्यावा. भाजीच्या सुरीला मात्र त्याची धार लवकर मऊ पडते, असं हाताला जाणवतं. कठीणपणा रॉकवेल सी मापावर ५७-५८ च्या वर फारसा टिकत नाही, हे त्याचं कारण. कामही जास्त. तो मुळात पाणी दिलेलाच, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेलाच येतो, म्हणून आधी चुंबक सोडेपर्यंत तापवून रात्रभर राखेत पुरायचा. मग बाक काढायचा, आणि दहा-बारा मिलिमीटरची जाडी घणाने चारवर आणायची.

हे सगळं चालवून घेता येतं. चालवून घेता येत नाही ती भेग. गाडीखाली पाट्याची आतली, पोकळ बाजू सतत ताणाखाली असते. बारीक भेगा तिथून सुरू होतात, मधल्या बोल्टच्या भोकाजवळ जास्त. वर खपली असते म्हणून दिसत नाहीत. पाटा घासून, डिझेल लावून पुसायचा आणि खडू फासायचा, म्हणजे मोठी भेग ओल्या रेघेसारखी उमटते. पण मिटलेली भेग यातूनही निसटते. ती कळते पाणी देऊन झाल्यावर (म्हणायला पाणी, देतो तेलात). २२० च्या पेपरने पातं घासून कोरडं पुसावं, तर क्षणभरात धारेजवळ केसाएवढी काळी रेघ परत येते. पुन्हा पुसली की पुन्हा येते, कारण आत शिरलेलं तेल बाहेर झिरपत असतं. घडाई, घासाई, भोकं, सगळं गेलं. पाटा घ्यायचाच असेल तर तुटलेला घेऊ नये, टोकाकडचा भाग वापरावा आणि भोकापासून चार बोटं सोडावं. शक्य असेल तर पाटेवाल्याकडून नवाच घ्यावा. पण मग स्वस्ताईचा मुद्दा बराचसा संपतो.

ओएचएनएसचा दर किलोला कितीतरी जास्त, हे खरं. पण हिशोब सुरीमागे करून पाहा: ५ × ४० × ३०० मिलिमीटरचा तुकडा अर्ध्या किलोच्याही आत, सुमारे ४७० ग्रॅम भरतो. माल मऊ येतो, कानस लगेच धरते. काळी पट्टी असेल तर वरच्या कातडीतला कार्बन उडालेला असतो. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर तरी काढावा लागतो, म्हणून तीनची सुरी हवी असेल तर पाचची पट्टी घ्यावी. तुकडे बँडसॉवर कापून मागावेत. गॅसने कापलेली कड कडक होऊन बसते, तिच्यावर कानस घसरते.

ताव ८०० अंशांच्या आसपास, म्हणजे चुंबक सुटल्यावर थोडा पुढे. तिथे पाच-दहा मिनिटं धरता आलं तर उत्तम. मग शेंगदाण्याचं तेल ५० अंशांवर. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते वेगळं तापवायची फारशी गरज पडत नाही! पुढे ठिसूळपणा कमी करायला २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. ६० च्या आसपास येतं आणि धार पाट्यापेक्षा बरीच जास्त टिकते, निदान माझ्या हातात तरी.

खोडी त्यालाही आहेत. पातळ पातं लाल करून नुसत्या हवेत थंड केलं तरी थोडं कडक होतं आणि ड्रिल जळतं. भोकं आधीच पाडावीत. केळीच्या चिकाने ते काळं पडतं, ओलं ठेवलं तर गंजतंही. पण हे सगळं आधी ठाऊक असतं, ऐनवेळी दगा देत नाही. घडाईचा हौशी माणूस पाट्याकडेच झुकेल, त्याचंही चूक नाही.

घेताना एक बघा. व्यापाऱ्याच्या पट्टीला पोलादाची जात ओळखायचा रंग एकाच टोकाला असतो, आणि कापून दिलेला तुकडा बिनरंगाचा येतो. ओएचएनएस, ईएन-३१ (बेअरिंगचं पोलाद) आणि एचसीएचसी नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसतात. तुकडा हातात आला की तिथेच पंचने खूण मारून घ्या. घरी शंका आली तर ग्राइंडरला लावा: ठिणग्या आखूड, लालसर आणि मोजक्या पडल्या तर ते ओएचएनएस नाही, एचसीएचसी आलंय.